डांबर, हिरडा आणि सोफ्याचे कव्हर

गेल्या वर्षी चवथीच्या दोन दिवस आधी आमच्या घरी एक केळीचा घड आला आणि त्याने मला दीड महिना जुनी पुस्तके चाळायला लावली.

त्याचे असे झाले. माटोळीला बांधण्यासाठी भावाने गावाहून घड पाठवला होता. लादी नुकतीच पुसलेली, म्हणून आईने तो उचलून हॉलमधल्या सोफ्याच्या एका खुर्चीवर ठेवला. घड ताजा कापलेला. दांड्यातून चीक टपकत राहिला आणि संध्याकाळपर्यंत पांढऱ्यावर झाक मारणाऱ्या बदामी कव्हरवर दोन तळहातांएवढा डाग पडला. पहिल्या दिवशी तो फिकट होता, दुसऱ्या दिवशी तपकिरी झाला, आणि धुतल्यावर चक्क काळा. ही कव्हरे दोनच महिन्यांपूर्वी शिवून घेतली होती. शिलाईसकट साडेपाच हजार. कारकुनाच्या घरात एवढा खर्च वर्षातून एकदाच होतो, हे वेगळे सांगायला नको.

लिंबू झाले, रॉकेल झाले, साबणाचा चुरा झाला. शेवटी मी ब्लीच टाकले, तेव्हा काळ्या डागाभोवती एक पिवळे कडे तयार झाले. आई दारात उभी राहून बघत होती. "केळीचो डाग वचना रे बाबा," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून ती सोफ्यावर बसेनाशी झाली. टीव्ही बघायला ती स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची आणून बसायची. कोणी काही बोलले नव्हते तिला. पण वयाच्या पंचाहत्तरीला माणसे स्वतःच स्वतःला शिक्षा करून घेतात, आणि ती मागे घ्यायला आपल्याजवळ अधिकार नसतो.

सौ. म्हणाली, "अहो, रंगवून आणा ना सरळ." सोपे वाटले. बाजारात एका दुकानाची पाटी मला लहानपणापासून पाठ आहे. 'ड्रायक्लीनर्स अँड डायर्स'. त्याच्या मागच्या पडवीत मोठ्या हंड्यात काठीने कापड ढवळणारा माणूस मी पाहिलेला आहे. त्याचे हात कोपरापर्यंत जांभळे असायचे. फिकट झालेल्या साड्या, कोणाच्या सुतकानंतर काळे करायचे कपडे, शाळेचे खाकी, सगळे तिथे जायचे. आता गल्ल्यावर त्याचा मुलगा बसतो. म्हणाला, बाबा गेले आणि रंगाचे काम बंद झाले, पाटी तेवढी बदलायची राहिली.

मी घरी आलो, पण पाटीवरचा तो दुसरा शब्द काही डोक्यातून जाईना. कपडे धुणारा आणि कपडे रंगवणारा एकाच पाटीवर का? याचे उत्तर स्कॉटलंडमधल्या पर्थ या गावात सापडते. तिथे पुलर नावाच्या घराण्याचा रंगाचा कारखाना १८२४ पासून होता. पुढे आगगाडी आली आणि लोक दूरदूरच्या गावांहून पार्सलने आपले कपडे, पडदे, खुर्च्यांची आवरणे पुलरकडे पाठवू लागले. स्वच्छ होण्यासारखे असेल तर स्वच्छ करून परत, डाग हटत नसेल तर गडद रंग देऊन परत. दोन्ही कामे एकाच गिऱ्हाइकाची, म्हणून एकाच छपराखाली. ही रीत साहेबाबरोबर जगभर फिरली आणि पाटीच्या रूपाने आमच्या बाजारपेठेपर्यंत पोचली.

याच पुलरांकडे १८५६ च्या जूनमध्ये लंडनहून एका पोराने जांभळ्या रेशमाचा तुकडा पाठवून विचारले की हा रंग चालेल का. पोराचे नाव विल्यम हेन्री पर्किन, वय १८. त्याचे गुरू होफमान यांना मलेरियावरचे क्विनाइन कृत्रिम रीतीने बनवता येईल असे वाटत होते. ईस्टरच्या सुट्टीत पर्किनने घरच्या प्रयोगशाळेत त्याचा खटाटोप केला. क्विनाइन झाले नाही, भांड्याच्या तळाशी काळा गाळ उरला. तो गाळ अल्कोहोलमध्ये विरघळवल्यावर जांभळा झाला, आणि कापडाला लागला तो जाईना. थोडक्यात, डाग पडला. पुलरांचे उत्तर आले की रंग फार महाग पडणार नसेल तर हा मोठा उपयोगाचा शोध आहे. पर्किनने पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी बाप आणि भावाला बरोबर घेऊन कारखाना काढला. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया मुलीच्या लग्नात याच जातीच्या रंगाचा पोशाख घालून आली, आणि मग काय विचारता.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की हा रंग डांबरातून निघाला. दगडी कोळशापासून दिव्यांचा गॅस काढताना जो काळा चिकट चोथा उरे, त्याचे काय करायचे हे गॅस कंपन्यांना कळत नसे. त्या डांबरातून बेन्झीन, बेन्झीनपासून अ‍ॅनिलिन आणि अ‍ॅनिलिनपासून हा जांभळा. गंमत म्हणजे अ‍ॅनिलिन हा शब्दही आपलाच, म्हणजे 'नील' या शब्दावरून आलेला. अरबांनी त्याचे 'अन्-नील' केले, पोर्तुगीजांनी 'अनिल'. निळीपासून प्रथम मिळवलेला पदार्थ म्हणून अ‍ॅनिलिन. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि १५६३ मध्ये त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ इथेच, गोव्यात छापला गेला. त्यात हिंगाच्याच प्रकरणात निळीचाही उल्लेख येतो, आणि ऑर्ता तिला औषध न मानता व्यापाराचा माल म्हणून बाजूला सारतो. त्याचे खरेच होते. या मालासाठी पुढची तीनशे वर्षे जहाजे फिरली, बंगालात १८५९-६० मध्ये निळीच्या शेतकऱ्यांनी बंड केले आणि १९१७ मध्ये गांधीजींना चंपारण्यात जावे लागले. गांधीजी पोचण्याच्या वीस वर्षे आधीच, १८९७ मध्ये, जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात केलेली नीळ बाजारात आणली होती. शेतातल्या निळीचे दिवस तेव्हाच भरले होते.

लाल रंगाची कथा याहून वेगाने संपली. मंजिष्ठेच्या मुळांतले लाल द्रव्य ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार केले. १८६९ मध्ये लंडनला त्याच्या पेटंटसाठी जर्मनांचा अर्ज आला आणि पर्किनचा अर्ज त्यानंतर एका दिवसाने. (सरकारी कचेरीत तारखेच्या शिक्क्याला काय किंमत असते हे मला कोणी शिकवायला नको.) मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा जो तुकडा सापडला, तो याच जातीच्या लाल रंगाने रंगवलेला होता. म्हणजे चार हजार वर्षांहून जुनी विद्या, आणि कारखान्याने तिला हुसकावायला वीस वर्षेसुद्धा घेतली नाहीत.

ही विद्या नेमकी काय होती, हे मला आमच्या डागामुळे कळले. सूत हे मोठे हट्टी असते. लोकर आणि रेशीम रंग पटकन धरतात, सुताला तो चिकटवायला मध्यस्थ लागतो. आपल्याकडचे रंगारी आधी कापड हिरड्याच्या पाण्यात घालत, मग तुरटी देत, मग मंजिष्ठ किंवा आल यांच्या कढणात उकळत. तुरटी असेल तिथे लाल, लोखंडाचे पाणी असेल तिथे काळा. एकाच हंड्यात बुडवलेले कापड दोन रंगांचे होऊन बाहेर येते, हे पाहून युरोपचे लोक थक्क झाले. कारण इतका पक्का रंग सुतावर चढवणे त्यांना जमत नव्हते. कोरोमंडल किनाऱ्यावर केर्दू नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री होता. त्याने धर्मांतर केलेल्या रंगाऱ्यांकडून ही कृती विचारून घेतली आणि १७४२ मध्ये पत्राने फ्रान्सला कळवली. हिरडा कसा वापरतात, म्हशीचे दूध कशाला लावतात, सगळे. आजच्या भाषेत याला काय म्हणायचे ते वाचकांनी ठरवावे.

ते छीट फ्रान्स-इंग्लंडमध्ये कशासाठी जात होते? अंगावर घालायला तर होतेच, पण बिछान्याचे पडदे आणि खुर्च्यांची आवरणे यांसाठीही. श्रीमंतांच्या घरी खुर्च्यांवर रेशमी कापड मढवलेले असे आणि ते खराब होऊ नये म्हणून त्यावर सैल कव्हर घालत. मोठा पाहुणा आला की कव्हर काढायचे. म्हणजे नव्या सोफ्यावरचे प्लास्टिक वर्षभर न काढणारे आमचे शेजारी काही नवीन करत नाहीत. हिंदुस्थानी छिटाने तिथल्या विणकरांचे धंदे बसू लागले, तेव्हा फ्रान्सने १६८६ मध्ये बंदी घातली आणि ती १७५९ पर्यंत चालवली. इंग्लंडने १७०१ पासून आयात अडवली आणि १७२१ च्या कायद्याने तर छापील सुती कापड अंगावर घालणे, घरात वापरणे, खुर्चीला लावणे हेही गुन्ह्यात आणले. सोफ्याचे कव्हर बेकायदा! स्वतःच्या देशात छापलेल्या सुती कापडाला इंग्लंडने १७७४ मध्ये मोकळीक दिली, पण आपल्या छिटावरची बंदी ठेवली. लंडनचा प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याला कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी बिछान्यासाठी सुंदर छीट भेट पाठवले होते. १७७५ मध्ये जकातवाल्यांनी ते जप्त केले आणि बिचाऱ्याला बायकोसाठी खजिन्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याकडे रदबदली करावी लागली. तो बिछाना आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आमच्या गोव्यात या कव्हरांचा फारसा प्रश्न नव्हता. जुन्या घरांतल्या खुर्च्या बघा. शिसवी किंवा सागवानी लाकूड, त्यावर बारीक कोरीव काम, आणि बैठक व पाठ वेताची. आडव्या पडायच्या लांब हातांच्या खुर्चीचीही तीच तऱ्हा. चार महिने पावसात कापड मढवून ठेवले तर त्यावर बुरशीशिवाय काही उगवणार नाही, हे त्या सुतारांना ठाऊक होते. कापडी सोफा आमच्याकडे आला तो हप्त्यांबरोबर, आणि त्याच्यामागून कव्हरे.

आता डांबराकडे परत येतो, कारण मला सगळ्यांत आवडलेला माणूस तिथेच भेटला. १८९६ च्या सुमारास मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला रात्री कोणी तरी डांबर फासले आणि गळ्यात चपलांची माळ घातली. हे कृत्य आपलेच, असे पुढे दामोदर चाफेकरांनी आत्मवृत्तात लिहिले आहे. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर आत मुरते. सरकारने बरेच उपाय करून पाहिले. शेवटी तो डाग काढला त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या प्राध्यापकांनी. हे गज्जर मूळ सुरतेचे. बडोद्याला असताना सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्याने त्यांनी १८९० मध्ये कलाभवन उभे केले. दादासाहेब फाळके शिकले तेच हे कलाभवन. तिथे रंगकाम आणि कापडछपाई शिकवण्याची व्यवस्था गज्जरांनी केली होती. विलायती रंग तर बाजारात आलेच आहेत, तेव्हा ते आपल्या माणसांना नीट वापरता तरी यावेत, अशी त्यांची दृष्टी. डांबरापासूनचे रंग कापडावर पक्के कसे बसवायचे हे शिकवणारा माणूस दगडावरचे डांबर उतरवायलाही उपयोगी पडला, यात मला काही योगायोग दिसत नाही. रंग बसवणे आणि डाग काढणे ही एकच विद्या दोन टोकांनी धरलेली असते. ही विद्या त्यांनी परक्या राणीच्या पुतळ्यासाठी वापरली याबद्दल कोणाला राग असेल तर असो. मला त्यांच्या हाताचे कौतुक वाटते.

त्याच १८९६ साली सरकारने मुंबई इलाख्यातल्या रंग आणि रंगकामावर फॉसेट नावाच्या अधिकाऱ्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. तोवर गावोगावचा रंगारी जर्मन पुड्यांवर गेला होता. त्याला दोष कसा द्यायचा? आलेची मुळे खणा, कुटा, कापड तेलात मुरवा, वाळवा, पुन्हा बुडवा, असे दिवसच्या दिवस काम. पुडीने ते दुपारपर्यंत होते. वह्यांची बांधणी आणि दप्तराचे बस्ते ज्या जाड लाल खारव्यात होत, तो खारवा आलेने रंगवत. आमच्या कचेरीत फायली बांधायला अजून लाल कापड येते, पण ते पावसाळ्यात कागदांवर उतरते. मागच्या जुलैत एका जुन्या प्रकरणाची पाने इतकी गुलाबी झाली की साहेबांनी मला विचारले, होळी खेळलात काय? (कुठली कचेरी ते विचारू नका.)

तर अशी सगळी विद्या वाचून झाल्यावर मी बाजारातून रंगाच्या चार पुड्या आणल्या. मरून. डाग झाकायचा तर रंग गडद हवा, एवढा विचार मी केला होता. पुडीवर लिहिले होते की गरम पाण्यात घोळवा आणि मीठ टाका. मीठ का, याचीही एक गोष्ट आहे. १८८४ मध्ये पाउल ब्योटिगर या जर्मन रसायनज्ञाला एक लाल रंग सापडला, जो सुतावर तुरटी-हिरड्याशिवाय थेट बसत होता. त्याने तो बर्लिनच्या आग्फा कंपनीला विकला. त्या वेळी बर्लिनमध्ये आफ्रिकेच्या वाटण्या करणारी परिषद भरली होती आणि वर्तमानपत्रांत काँगो-काँगो चालले होते, म्हणून नाव ठेवले काँगो रेड. पाण्यात गेलेले सूत आणि असला रंग दोघांवरही ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ हे भांडण मिटवते आणि रंग धाग्यात शिरतो. हजारो वर्षे रंगाऱ्याच्या हातात असलेली मध्यस्थी या शोधाने मोडीत निघाली. चूल, पातेले, मूठभर मीठ आणि एक पुडी. घरची बाई रंगारीण झाली.

अमेरिकेत अशा पुड्या १८८० च्या दशकापासूनच विकल्या जात होत्या. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग येईनासे झाले तेव्हा मोठी पंचाईत झाली. १९१६ च्या जुलैत 'डॉइचलँड' नावाची जर्मन पाणबुडी इंग्रजांची नाकेबंदी चुकवून बाल्टिमोरला पोचली, तिच्या पोटात मुख्य माल रंगांचा होता! त्याच तुटवड्याच्या काळात तिकडे 'रिट' ही घरगुती रंगाची पुडी निघाली, ती अजून विकली जाते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांना रेशन लागले ते १९४९ पर्यंत चालले. तेवढी वर्षे जुने रंगवून नवे करणे हीच तिकडच्या बायकांची नवी खरेदी. १९५४ मध्ये आयसीआय कंपनीच्या रॅटी आणि स्टीफन यांनी सुताशी रासायनिक बंधाने जोडला जाणारा रंग शोधला. तो १९५६ मध्ये, पर्किननंतर बरोबर शंभर वर्षांनी, बाजारात आला. त्याला मीठ आणि धुण्याचा सोडा लागतो, पाणी उकळावे लागत नाही आणि तो धुतल्यावर सहसा जात नाही. आपल्याकडे वलसाडजवळ अतुलचा रंगांचा कारखाना १९५२ मध्ये नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. आणि मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांवर जे ग्रंथ लिहिले, ते जगभर प्रमाण मानले गेले. हे सगळे खरे. पण मी आणलेली पुडी जुन्या, मिठाच्या जातीची होती.

एक गोष्ट मात्र मध्येच सांगितली पाहिजे. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे फ्रँकफुर्टच्या रेन नावाच्या शल्यवैद्याने १८९५ मध्येच मांडले होते. काँगो रेड बेन्झिडीनपासून होतो आणि बेन्झिडीन त्यातले मुख्य आरोपी. आपल्याकडे त्या जातीच्या रंगांवर बंदी यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. त्या पडवीतल्या माणसाचे जांभळे हात आठवले की मला आता बरे वाटत नाही. तो कशाने गेला हे मी त्याच्या मुलाला विचारले नाही. घरी रंग करणाऱ्यांनी हातमोजे घालावेत आणि रंगाचे भांडे पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

असो. माझ्या मरूनचे काय झाले ते सांगतो. कव्हर उन्हात वाळले आणि डाग होता तिथेच दिसू लागला. आता तो मरूनमधला काळा झाला होता, इतकेच. भिंतीच्या रंगासारखा कापडाचा रंग वर बसून झाकत नाही. तो काचेसारखा असतो, खालचे दिसू देतो. पिवळ्या कड्याचे तर आणखी वाईट. ब्लीचने तिथले सूत बिघडले होते, त्याने रंग वेगळाच धरला. शिलाईचा दोरा आणि चेनची पट्टी पॉलिस्टरची, त्यांना सुताचा रंग लागतच नाही, म्हणून सगळीकडे पांढरे टाके चमकायला लागले. वर कव्हर एक बोट आखडले. आणि माझे साडू पांढरी पँट घालून त्यावर बसले त्याची हकीकत मी लिहीत नाही.

त्या रात्री आई जेवताना म्हणाली, डाग काळा होतो तो विहिरीच्या पाण्याने. तिचे माहेर खाडीकाठचे. शेजारी खारवी लोकांची वस्ती होती आणि नायलॉन येण्यापूर्वी सुताची जाळी झाडाच्या सालीच्या कढणात बुडवून काढत, म्हणजे ती कुजत नसत. त्या कढणाचा थेंब अंगावर पडला आणि विहिरीच्या पाण्याने धुतला की काळा होई, म्हणून आजी ओरडायची. मी तिच्याकडे बघतच राहिलो. हिरडा, साल, केळीचा चीक, सगळ्यांत तुरट द्रव्य. आमचा तालुका खनिजाचा, विहिरीच्या पाण्यात लोह. तुरट द्रव्य आणि लोह भेटले की काळा रंग. जुन्या कचेऱ्यांतली मायफळ आणि हिराकसाची शाई हीच. म्हणजे आमच्या सोफ्यावर पडलेला तो डाग नव्हताच. रंगाऱ्याच्या पद्धतीने, यथाशास्त्र, दोन तळहातांएवढे कापड रंगवले गेले होते. बाकीचे राहिले होते.

मग बाकीचे रंगवले. सगळी कव्हरे मिळून कोरडी भरली दोन किलो चारशे ग्रॅम. आयुर्वेदिक दुकानातून चारशे ग्रॅम हिरड्याची पूड आणली, ती गरम पाण्यात कालवून कपड्याने गाळली आणि कव्हरे त्यात रात्रभर बुडवली. सकाळी न पिळता उन्हात घातली. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या टबात नळाच्या पाण्यात पन्नास ग्रॅम हिराकस विरघळवून त्यात घातली. पाण्यात गेल्या गेल्या कापड काळवंडू लागते, तेव्हा हात थांबता कामा नये. घडी पडली तर तिथे पट्टा उठतो. अर्धा तास मी आणि सौ. दोघे टबात वाकून ढवळत होतो आणि आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सूचना देत होती, "ते टोक वर आलंय, ते बुडवा." शेवटी दोन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवले. मरूनवर काळे चढून रंग झाला वांग्याच्या सालीसारखा. पांढरे टाकेही थोडे राखी झाले. डाग कुठे होता ते मला माहीत आहे म्हणून मला शोधता येतो.

हिराकस मी मुद्दाम बेताने घेतले. लोखंड सुताला हळूहळू खाते. जुन्या छिटांच्या नमुन्यांत लाल फुले शाबूत असतात आणि त्यांच्या काळ्या रेघांच्या जागी भोके पडलेली असतात, ती यामुळेच. शाईने कागद खाल्ल्याचे तर ज्यांना जुनी दप्तरे हाताळावी लागली, त्यांनी पाहिलेच असेल. गोव्यातला दप्तरखाना १५९५ मध्ये दियोगु द कोतु या इतिहासकाराच्या हाती सोपवला गेला. तेव्हापासून वाळवी, दमट हवा आणि ही शाई, तिघांशी एकदम झगडा चालू आहे. तर माझे कव्हर काही संग्रहालयात जायचे नाही. चार-पाच वर्षे निघाली तरी पुरे.

आई दोन दिवस लांबूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने ओल्या पांढऱ्या फडक्याने कव्हर घासून पाहिले, फडके उजेडात धरले, आणि बसली.

यंदा पुन्हा घड आला. मी दारात तो हातात घेऊन उभा, कुठे ठेवू म्हणून विचारत. आई सोफ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "थंय दवर. आतां कसलो डाग पडटलो?" सौ.ने काही न बोलता तो माझ्या हातातून घेतला आणि बाल्कनीत जुन्या वर्तमानपत्रावर नेऊन ठेवला.